‘शेड’ या शब्दाला मराठीत काय म्हणावे: नवोदित अनुवादकांसाठी मार्गदर्शन

मुंबईत अनुवादाच्या कामाला नुकतीच सुरुवात केलेल्या व्यक्तीच्या हाती पहिल्या काही महिन्यांत रंगाच्या डब्यावरचा मजकूर येतो, रोपवाटिकेचे माहितीपत्रक येते, गृहनिर्माण संस्थेची नोटीस येते, सौंदर्यप्रसाधनांची जाहिरात येते आणि एखाद्या परदेशी मालिकेची उपशीर्षकेही येतात. या सगळ्या कामांत एक छोटासा इंग्रजी शब्द हमखास भेटतो, तो म्हणजे ‘शेड’. कोश उघडला की सावली, छाया, छटा, आडोसा, किंचित अंश, मृतात्मा असे अर्थ एकाखाली एक दिसतात. नवा अनुवादक बहुधा त्यातला पहिला किंवा सर्वांत भारदस्त वाटणारा शब्द उचलतो आणि पुढे जातो.

माझ्याकडून हीच चूक कामाच्या पहिल्या वर्षी झाली होती. एका रोपवाटिकेच्या पत्रकात एका शोभिवंत रोपाला ‘लाइट शेड’ची जागा मानवते असे लिहिले होते आणि मी त्याचे ‘फिकट छटेची जागा’ असे मराठी करून दिले. पत्रक छापले गेले. काही आठवड्यांनी रोपवाटिकेकडे एका बाईंचा फोन आला. त्यांनी पत्रकावर विश्वास ठेवून गॅलरीची भिंत पांढरी रंगवून घेतली होती, रोप त्या भिंतीशी दुपारच्या उन्हात ठेवले होते आणि त्याची पाने करपली होती. ‘विरळ सावली’ हे दोन साधे शब्द मला सुचले असते, तर ते रोप वाचले असते. तेव्हापासून हा शब्द समोर आला की मी काही पायऱ्या ठरावीक क्रमाने चढते. त्या पायऱ्या येथे मांडत आहे.

पायरी पहिली: मूळ इंग्रजी अक्षरे पाहून घ्यावीत

ही पायरी अनेकांना अनावश्यक वाटेल, परंतु मुंबईत तिच्यावाचून गत्यंतर नाही. इंग्रजीतील काही स्वरांसाठी आपण ‘ॲ’ आणि ‘ऑ’ ही चिन्हे स्वीकारली, मात्र आखूड ‘ए’ आणि लांबवलेला ‘ए’ या दोन इंग्रजी उच्चारांसाठी आपल्याकडे एकच मात्रा आहे. म्हणून शाळेतली ‘टेस्ट’ आणि भेळेची ‘टेस्ट’ आपण सारखीच लिहितो, घड्याळातला ‘सेल’ आणि साड्यांचा ‘सेल’ही सारखाच लिहितो. ‘शेड’चे तसेच आहे. देवनागरीत एकरूप दिसणाऱ्या या शब्दामागे इंग्रजीत दोन वेगळे शब्द उभे आहेत. एकाचा (shade) अर्थ सावली किंवा रंगाची छटा, तर दुसऱ्याचा (shed) अर्थ छप्पर घातलेली, बहुधा भिंती नसलेली किंवा अर्ध्या भिंतींची जागा.

मुंबईकराच्या कानावर दुसरा शब्द अधिक पडतो. कुर्ला, कळवा, सानपाडा, कांदिवली, विरार येथील कारशेड रोजच्या बोलण्यात असतात, आणि ‘ही गाडी कारशेडला जाणार आहे’ हे वाक्य लोकलने प्रवास करणाऱ्या प्रत्येकाने ऐकलेले असते. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हीटी ते कुर्ला अशी विजेवर चालणारी पहिली गाडी धावली, तेव्हापासून विजेच्या गाड्या ठेवण्याची आणि दुरुस्त करण्याची जागा शहराला लागत आली आहे, आणि त्या जागेचे ‘कारशेड’ हे नाव मराठीत आता पक्के रुजले आहे. त्याच्या जागी नवा शब्द घडवू नये. पत्र्याची शेड, बाजाराची शेड, स्मशानभूमीतील शेड हीदेखील याच दुसऱ्या शब्दाच्या घराण्यातली आहेत. गच्चीवर किंवा दुकानापुढे पावसाळ्यापुरती ताडपत्रीची शेड उभारायची तर महापालिकेची परवानगी लागते, आणि त्या अर्जाच्या मसुद्यात ‘सावली’ असा शब्द घातला तर अर्ज वाचणाऱ्याला काहीच बोध होणार नाही. तेथे ‘तात्पुरते छप्पर’ किंवा सरळ ‘पावसाळी शेड’ असेच लिहावे.

व्युत्पत्तीकारांच्या मते इंग्रजीतील हे दोन्ही शब्द बहुधा एकाच मुळाचे आहेत. उन्हापासून आडोसा देणारी जागा ती शेड, असा तो प्रवास असावा. अनुवादकाला त्याचा उपयोग एवढाच की ‘वेदर शेड’सारख्या शब्दापाशी अडकून बसू नये. खिडकीच्या वर भिंतीतून बाहेर काढलेली ती पट्टी ऊनही अडवते आणि पाऊसही. तिच्यासाठी मराठीत ‘छज्जा’ हा शब्द आहे, गवंड्यांपासून वास्तुविशारदांपर्यंत सर्वांना तो कळतो, आणि संस्थेच्या नोटिशीत तोच वापरावा.

पायरी दुसरी: जागा सांगितली आहे की आकृती, हे ठरवावे

अक्षरे पाहून पहिलाच शब्द आहे याची खात्री पटली, आणि मजकूर ऊन किंवा उजेड यांविषयी आहे हेही कळले, की पुढचा प्रश्न येतो. इंग्रजीत ‘शेड’ आणि ‘शॅडो’ असे दोन शब्द आहेत, तर मराठीत दोहोंसाठी ‘सावली’ चालते. गंमत अशी की हे दोन्ही शब्द जुन्या इंग्रजीतील एकाच नामापासून आले आहेत. एक त्या नामाच्या मूळ रूपापासून, तर दुसरा त्याच्या सामान्यरूपापासून. ‘घर’ आणि विभक्तीपूर्वीचे ‘घरा’ ही रूपे कालांतराने दोन स्वतंत्र शब्द होऊन बसली असती, तर मराठीत जसे घडले असते तसे तेथे घडले.

दोहोंमधील फरक मुंबईत उभे राहून उत्तम समजतो. मे महिन्याच्या मध्यावर, १५ तारखेच्या सुमारास, दुपारी साधारण १२ वाजून ३५ मिनिटांनी सूर्य मुंबईच्या बरोबर माथ्यावर येतो. या दिवसाला आपण शून्य सावली दिवस म्हणतो. जुलैच्या अखेरीस तो पुन्हा येतो, पण तेव्हा आभाळ बहुधा भरलेले असते. मेमधल्या त्या दुपारी शिवाजी पार्कच्या मैदानात उभ्या असलेल्या माणसाची सावली त्याच्या पायाखाली जाऊन दिसेनाशी होते, आणि त्याच क्षणी कट्ट्याजवळच्या झाडांखाली मात्र लोक सावलीला बसलेले असतात. दिसेनाशी झाली ती इंग्रजीतली ‘शॅडो’, म्हणजे वस्तूची आकृती. उरली ती ‘शेड’, म्हणजे ऊन न पोहोचणारी जागा.

मराठी हा भेद वेगळ्या नामाने दाखवत नाही, परंतु क्रियापदाने आणि प्रत्ययाने नेमका दाखवते. हे मला फार उशिरा उमगले, म्हणून ते आवर्जून सांगते. ‘सावलीला बसणे’, ‘सावली धरणे’, ‘सावलीत वाळवणे’ या प्रयोगांत सावली ही जागा असते. ‘सावली पडणे’, ‘सावली लांबणे’, ‘सावलीसारखा मागे लागणे’ या प्रयोगांत ती आकृती असते. म्हणून इंग्रजीत ‘शेड’ असेल तर मराठी वाक्यात ‘ला’ किंवा ‘त’ आणण्याचा प्रयत्न करावा, त्याने संदिग्धता आपोआप जाते. ‘पडछाया’ आणि ‘सावट’ हे दोन शब्द ‘शेड’साठी वापरू नयेत. पडछाया नेहमी कोणाची तरी असते, आणि सावट तर दुष्काळाचे, साथीचे, युद्धाचे असते. ग्रहणाच्या मजकुरात येणारे ‘प्रच्छाया’ आणि ‘उपच्छाया’ हे शब्दही आकृतीच्याच बाजूचे आहेत.

बागकामाच्या मजकुरात आणखी एक बारकावा लागतो. इंग्रजीत सावलीची प्रतवारी ठरलेली असते आणि तिचे शब्दशः मराठी केले की माझ्या पत्रकासारखी गत होते. तेथे वाचकाला डोळ्यांपुढे जागा दिसली पाहिजे. ‘पानांतून ऊन झिरपते अशी विरळ सावली’, ‘सकाळचे कोवळे ऊन आणि दुपारनंतर सावली’, ‘दिवसभर दाट सावली’ अशी वर्णने दोन शब्दांनी लांब होतात, पण मुंबईतल्या गॅलरीत दोन कुंड्या ठेवणाऱ्या माणसाला ती लगेच वापरता येतात. ‘शेडनेट’ हा शब्द मात्र तसाच ठेवावा. राज्यभरातले शेतकरी तोच वापरतात. त्यापुढे ५० टक्के किंवा ७५ टक्के असे लिहिलेले असते, ते ती जाळी किती ऊन अडवते याचे प्रमाण आहे. एका अनुवादात मी ते ‘७५ टक्के ऊन आत येऊ देणारी’ असे उलटे झालेले पाहिले आहे आणि दुरुस्त करून दिले आहे.

खिडकीच्या शेडला पडदा म्हणावे, आणि ती बांबूच्या काड्यांची असेल तर चिकाचा पडदा म्हणावे. दिव्यावरची लॅम्पशेड ही लॅम्पशेडच राहू द्यावी. उपशीर्षकांत एखादे पात्र आपल्या ‘शेड्स’ डोळ्यांवर चढवत असेल, तर आपल्याकडे त्याला गॉगल म्हणतात.

पायरी तिसरी: रंगाविषयी असेल तर दुकानात जाऊन यावे

मुंबईतल्या कामांत सर्वाधिक वेळा भेटणारा अर्थ हाच आहे, आणि येथे कोशापेक्षा बाजार अधिक शिकवतो.

प्रथम पाहावे की लेखक चित्रकलेच्या किंवा रंगशास्त्राच्या भाषेत बोलत आहे का. त्या भाषेत शेडला एक अरुंद आणि काटेकोर अर्थ आहे. मूळ रंगात काळा मिसळला की जी होते ती शेड, पांढरा मिसळला की टिंट आणि करडा मिसळला की टोन. चित्रकलेच्या पाठ्यपुस्तकाचा अनुवाद असेल तर या तिघांनाही ‘छटा’ म्हणून चालणार नाही, कारण विद्यार्थ्याला नेमका तिघांतला फरकच शिकायचा असतो. अशा वेळी ‘काळ्याच्या मिश्रणाने होणारी गडद छटा’, ‘पांढऱ्याच्या मिश्रणाने होणारी फिकट छटा’ असे एकदा सविस्तर लिहून पुढे ‘गडद छटा’, ‘फिकट छटा’ असे वापरावे.

बाकी सर्वत्र शेड म्हणजे कोणत्याही रंगाचा एक विशिष्ट प्रकार, एवढाच अर्थ असतो. मग ‘रंग’, ‘छटा’ आणि ‘शेड’ यांपैकी कोणता शब्द घ्यायचा? माझे मत स्पष्ट आहे. ज्या मजकुरावर कोणी खरेदी करणार आहे तेथे ‘शेड’ ठेवावा, कारण ग्राहकही तोच शब्द बोलतो आणि दुकानदारही. ज्या मजकुरातून कोणाला रंग डोळ्यांपुढे आणायचा आहे, म्हणजे कथा, समीक्षा, प्रवासवर्णन, तेथे ‘छटा’ घ्यावा. आणि जेथे दोन्ही अनावश्यक आहेत तेथे नुसता ‘रंग’ पुरतो. इंग्रजीत ‘निळ्या रंगाची एक सुंदर शेड’ असे लिहिले असले, तरी मराठीत ‘सुंदर मोरपिशी’ एवढे पुरेसे असते.

हा शेवटचा मुद्दा मला फार मोलाचा वाटतो. इंग्रजी माणूस मूळ रंगाचे नाव घेऊन त्याच्या अलीकडे-पलीकडे विशेषणे लावतो. मराठी माणसाने स्वयंपाकघर, बाग आणि रान यांतून शेडची नावे उचलली आहेत आणि प्रत्येक नाव स्वतःच्या पायांवर उभे आहे. आमसुली, डाळिंबी, अंजिरी, वांगी, पिस्ता, श्रीखंडी, बदामी, अबोली, गुलबक्षी, शेवाळी, पोपटी, पारवा, विटकरी, राखाडी, मोतिया, शेंदरी, राणी. दादरला हिंदमाताजवळच्या किंवा मंगळदास मार्केटमधल्या एखाद्या मॅचिंगच्या दुकानात जाऊन ‘आमसुली दाखवा’ असे म्हणून पाहावे. गठ्ठ्यांच्या भिंतीतून दुकानदाराचा हात नेमक्या त्याच थप्पीवर जातो. ‘मळखाऊ’ हा तर असा शब्द आहे की त्याला इंग्रजीत सांगायला पूर्ण वाक्य लागते. सोफ्याच्या कापडाच्या वर्णनात ‘ज्या शेडवर डाग उठून दिसत नाहीत’ अशा अर्थाचे इंग्रजी वाक्य आले तर हा एकच शब्द लिहावा आणि पुढे जावे.

नवोदितांनी एक दुपार या दुकानांत अवश्य घालवावी, असे माझे सांगणे आहे. तेथे ब्लाउजचे टू बाय टू, अस्तर आणि साडीचा फॉल घेणाऱ्या बायका साडीचा पदर काउंटरवर पसरतात, दुकानदार तीन-चार तुकडे त्यावर टाकतो, आणि जाणती गिऱ्हाईक असेल तर ती तुकडा आणि पदर घेऊन दारापर्यंत जाते आणि म्हणते, ‘उजेडात बघू द्या.’ त्या बाईंची शंका अगदी शास्त्रशुद्ध आहे. दोन कापडांवरचे रंगद्रव्य वेगळे असेल, तर ती एका दिव्याखाली तंतोतंत जुळतात आणि दुसऱ्या उजेडात वेगळी दिसतात, कारण प्रत्येक दिव्याच्या प्रकाशात निरनिराळ्या तरंगलांबींचे प्रमाण निराळे असते. म्हणूनच रंगाईच्या कारखान्यांत दिवसाच्या उजेडासारखा प्रमाणित प्रकाश देणाऱ्या पेटीत तुकडे ठेवून शेड तपासतात. या बाजारात ‘शेड जुळली’, ‘शेड उठली’, ‘शेड एक नंबरने वर आहे’, ‘लॉट बदलला म्हणून शेड बदलली’ असे प्रयोग सहज ऐकू येतात. हे सगळे तयार मराठी आहे, आणि कापडाविषयीच्या मजकुरात ते न वापरता ‘वर्णच्छटेतील भिन्नता’ लिहिणे म्हणजे वाचकाशी अकारण परकेपणा धरणे आहे.

याच दुकानांत ‘डबल शेड’ आणि ‘धूपछाव’ हे दोन शब्द ऐकू येतील, त्यांत गोंधळ करू नये. डबल शेडच्या साडीत एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे रंग बदलत जातो. एकच रंग गडदाकडून फिकटाकडे जात असेल तर हल्ली त्याला फ्रेंचमधून आलेला ‘ओम्ब्रे’ हा शब्द लावतात, आणि तोही सावलीच्याच अर्थाच्या शब्दापासून झालेला आहे. धूपछावमध्ये उभे धागे एका रंगाचे आणि आडवे दुसऱ्या रंगाचे असतात, त्यामुळे पदर हलवला की रंग पालटल्यासारखा वाटतो. धूपछाव पैठणीच्या इंग्रजी वर्णनात ‘शेड बदलते’ असे लिहिलेले असेल, तर मराठीत ‘रंग फिरतो’ म्हणावे.

भिंतीच्या रंगाचे नियम थोडे वेगळे आहेत. एशियन पेंट्स ही कंपनी १९४२ साली मुंबईतच सुरू झाली, आणि शेड कार्ड ही गोष्ट या शहरातल्या घरांत पिढ्यान्पिढ्या दिवाळीआधी उघडली जात आली आहे. शेडचे नाव आणि तिचा क्रमांक यांपैकी क्रमांक कधीही बदलू नये, आणि नावाचे भाषांतर कंपनीने मागितले असेल तरच करावे, कारण दुकानातले यंत्र क्रमांकावरूनच रंग मिसळते. सूचनांच्या मजकुरात ‘वाळल्यावर शेड किंचित गडद दिसेल’, ‘एका भिंतीसाठी एकाच बॅचचे डबे वापरावेत’ अशी वाक्ये येतात. ती रंगाऱ्याच्या हाती जाणार आहेत, म्हणून ‘थर’ऐवजी ‘हात’ लिहावा. ‘दोन हात मारावेत’ हे त्याला लगेच समजते.

दंतवैद्यकाच्या मजकुरातही शेड येते. नवा दात किंवा टोपी बसवताना वैद्य एक पट्टी शेजारच्या दाताला लावून पाहतात, आणि सर्वाधिक प्रचलित पट्टीवर ए, बी, सी, डी अशा चार गटांत मिळून १६ शेड असतात. तेथे ‘दाताचा रंग’ असे लिहावे आणि ए-२, बी-१ ही खूण तशीच ठेवावी. दात कोरडा पडला की तो अधिक पांढरा दिसतो, म्हणून रंग आधीच पाहून घेतात. रुग्णपत्रिकेत ही सूचना असेल तर तिचे मराठी अगदी सरळ करावे.

त्वचेच्या शेडबाबत मात्र अनुवादकाने अधिक जबाबदारीने वागावे, असे मला कळकळीने वाटते. फाउंडेशनच्या जाहिरातीत ‘फेअर’ ते ‘डीप’ अशी शेडची मालिका असते. तिचे मराठी करताना ‘गोरा, निमगोरा, गव्हाळ, सावळा, काळा’ हे शब्द लगेच सुचतात, कारण ते लग्नाच्या जाहिरातींनी आपल्या कानांत भरून ठेवले आहेत. त्यांतला ‘निमगोरा’ हा शब्द गोरेपणाला पूर्ण मानून बाकीच्यांना त्याचा अंश ठरवतो. मी तो वापरत नाही. ‘उजळ’, ‘गव्हाळ’, ‘सावळा’, ‘गडद सावळा’ असा क्रम वाचकाला दुखवत नाही आणि योग्य कुपी निवडायलाही पुरतो.

पायरी चौथी: चित्रकलेतील क्रियापद वेगळे ठेवावे

येथे फारसे थांबावे लागत नाही. शेड हे क्रियापद असेल, म्हणजे पेन्सिलीने चित्रात छाया भरायची असेल, तर ‘छायाप्रकाश दाखवणे’ किंवा मुलांच्या पुस्तकात ‘शेडिंग करणे’ लिहावे. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षांची तयारी करणाऱ्या मुलांना हे दोन्ही शब्द परिचित असतात. ‘छायांकन’ टाळावे, कारण चित्रपटसृष्टीत त्याचा अर्थ कॅमेऱ्याचे काम असा ठरलेला आहे आणि सरकारी कचेरीत ‘छायांकित प्रत’ म्हणजे झेरॉक्स. आलेखातला किंवा नकाशातला शेड केलेला भाग हा ‘रेखांकित’ किंवा ‘छायांकित भाग’ म्हणून गणिताच्या पुस्तकांत स्थिरावला आहे, तेवढा अपवाद मान्य करावा.

पायरी पाचवी: भूमिकेची शेड असेल तर मराठीकडे असलेले शब्द आठवावेत

मनोरंजनाच्या बातम्यांत ‘ग्रे शेडची भूमिका’, ‘निगेटिव्ह शेड’, ‘पात्राला अनेक शेड्स आहेत’ ही वाक्ये इतकी रुळली आहेत की ती लिहिताना आपण अनुवाद करत आहोत याचेही भान राहत नाही. कलाकाराच्या मुलाखतीत त्यांच्या तोंडचे शब्द असतील तर ते जसेच्या तसे ठेवावेत. परंतु निवेदन आपले असेल, तर मला ही वाक्ये आळसाची वाटतात. दादर-गिरगावात नाटके पाहत वाढलेल्या वाचकाकडे यासाठी ‘कंगोरे’ हा सुंदर शब्द आहे, ‘पदर’ आहे, ‘पैलू’ आहे. ‘व्यक्तिरेखेचे कंगोरे’ म्हटले की तिच्या कडा हाताला लागतात. ‘ग्रे शेड’साठी ‘करडी भूमिका’ हे शब्दशः रूप मला अपुरे वाटते, कारण मराठीत करडा हा स्वभावाच्या बाबतीत कडकपणा दाखवतो. ‘करडी नजर’, ‘करडी शिस्त’ हे प्रयोग आठवून पाहावेत. त्याऐवजी ‘धड सज्जनही नव्हे आणि खलनायकही नव्हे अशी भूमिका’ असे लांब लिहावे लागले तरी लिहावे. शब्दाच्या अर्थाविषयी ‘शेड’ आले असेल, तर ‘अर्थच्छटा’ हा जुना, बांधेसूद शब्द तयार आहे.

पायरी सहावी: ‘ए शेड’ म्हणजे थोडेसे

विशेषणाआधी येणारी ‘शेड’ ही प्रमाण दाखवते आणि तिचा सावलीशी किंवा रंगाशी काही संबंध उरलेला नसतो. किंमत ‘ए शेड’ जास्त असेल तर ती ‘किंचित’ जास्त, रस्सा ‘ए शेड’ तिखट असेल तर तो ‘अंमळ’ तिखट, आणि उंची ‘ए शेड’ कमी असेल तर ती ‘तसूभर’ कमी. ‘अंमळ’ हा शब्द हल्ली मागे पडला आहे. योग्य जागा मिळेल तेथे मी तो मुद्दाम वापरते, आणि आजवर एकाही वाचकाने अर्थ विचारलेला नाही. आकड्यांच्या मजकुरात, विशेषतः शेअर बाजाराच्या बातमीत, मात्र ‘किंचित’ हाच सुरक्षित.

पायरी सातवी: वाक्प्रचार पूर्ण ओळखावा, शब्द सुटा करू नये

एखाद्याला ‘शेडमध्ये टाकणे’ म्हणजे त्याच्यापेक्षा इतके चांगले काही करणे की तो फिका पडावा. आपल्याकडे ‘झाकोळून टाकणे’ किंवा ‘फिके पाडणे’ आहेच. काही पाहून जुन्या घटनेची आठवण झाली, तर इंग्रजीत त्या घटनेच्या ‘शेड्स’ म्हणतात. मराठीत ‘आठवण करून देणारे’ एवढेच लिहावे. ग्रीक पुराणकथांच्या अनुवादात पाताळात वावरणाऱ्या ‘शेड्स’ भेटतात, त्या मेलेल्यांच्या क्षीण, अशरीरी आकृती असतात. त्यांना ‘भुते’ म्हटले तर वाचकाला वडावरची भुते आठवतात आणि ते चित्र चुकीचे ठरते. ‘मृतांच्या छाया’ हे येथे योग्य बसते.

राहिला सर्वांत नवा प्रयोग, ‘थ्रो शेड’. उपशीर्षकांवर काम करणाऱ्यांना तो वारंवार लागेल. न्यूयॉर्कमधील कृष्णवर्णीय आणि लॅटिनो ड्रॅग कलावंतांच्या, म्हणजे मुख्यतः स्त्रीवेशात कला सादर करणाऱ्यांच्या, वर्तुळात १९८० च्या दशकात तो बोलला जात होता, पुढे तो सर्वत्र पसरला आणि २०१७ मध्ये मेरियम-वेब्स्टर या अमेरिकी शब्दकोशात त्याची नोंद झाली. उघड शिवी न देता, सभ्य शब्दांत, बघणाऱ्यांना कळेल अशा बेताने समोरच्याला कमी लेखणे हा त्याचा अर्थ. ‘टोमणा मारणे’ जवळचे आहे, पण टोमण्यात बोच उघडी असते. ‘शालजोडीतले मारणे’ हा मराठी वाक्प्रचार मात्र त्याच्या अर्थाला पूर्ण भिडतो, कारण त्यात मार आहे आणि तो मऊ, प्रतिष्ठित वस्त्रात गुंडाळलेला आहे. पात्र तरुण असेल आणि वाक्प्रचार त्याच्या तोंडी जुना वाटेल अशी शंका आली, तर ‘शालजोडीतला दिला’ असे आखूड करावे. उपशीर्षकाच्या ओळीत अक्षरांची मर्यादा असते, तीही त्यामुळे पाळली जाते.

पायऱ्यांचा उपयोग: एक नमुना

गॅलरीवर लावायच्या कापडी छताचे इंग्रजी माहितीपत्रक आले आहे असे समजा. त्यात लिहिले आहे की हे छत १२ शेडमध्ये मिळते, झाडांना थंड शेड देते, जुन्या कॅनव्हासपेक्षा एक शेड जड आहे, बाजारातील इतर छतांना शेडमध्ये टाकते आणि गच्चीवरील शेडलाही जोडता येते. पाच वेळा शब्द आला आहे. पहिल्या जागी खरेदीचा संदर्भ आहे, म्हणून तो तसाच ठेवता येईल. दुसऱ्या जागी बसण्या-ठेवण्याची जागा आहे. तिसऱ्या जागी प्रमाण आहे. चौथ्या जागी वाक्प्रचार आहे. पाचव्या जागी इंग्रजी अक्षरे पाहिली की तो दुसराच शब्द निघतो. मी त्याचे मराठी असे करीन: ‘१२ शेडमध्ये मिळणारे हे कापडी छत तुमची झाडे गार सावलीत ठेवते. जुन्या कॅनव्हासपेक्षा ते अंमळ जड आहे, पण बाजारातली इतर छते त्याच्यापुढे फिकी पडतात. गच्चीवर पत्र्याचे छप्पर असल्यास त्यालाही ते जोडता येते.’

हा मजकूर पाठवण्यापूर्वी छत बसवणाऱ्या एखाद्या कारागिराला मोठ्याने वाचून दाखवावा. तो ‘पत्र्याचे छप्पर’ ऐकून ‘म्हणजे शेडच ना?’ असे विचारण्याची शक्यता मोठी आहे. तसे झाले, तर शेवटच्या वाक्यात ‘पत्र्याची शेड’ लिहावे आणि पहिल्या वाक्यातली ‘शेड’ काढून तेथे ‘१२ रंगांत’ असे करावे, म्हणजे एकाच परिच्छेदात एकसारखे दिसणारे दोन वेगळे शब्द वाचकापुढे येणार नाहीत.